कोयता, पिशवी आणि परवानगीचा कागद : बीड जिल्ह्यातील गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न, २०१२ ते २०२३

उपचारासाठी आलेल्या माणसाला त्या उपचारापायीच टाळता येण्याजोगी इजा होऊ नये, हा रुग्णसुरक्षा या संज्ञेचा मूळ अर्थ होय. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात रुग्णालयांतील चुकांमुळे त्या देशात दरवर्षी ४४,००० ते ९८,००० रुग्ण दगावत असावेत असा अंदाज मांडला, आणि तेव्हापासून चूक करणाऱ्या एकट्या डॉक्टरला किंवा परिचारिकेला दोष देण्याऐवजी चूक घडू देणारी व्यवस्था तपासावी हा विचार जगभर रुजू लागला. या विचाराबरोबरच ‘रुग्णसुरक्षेची संस्कृती’ हा शब्दप्रयोग आला. एखाद्या रुग्णालयात, किंवा एखाद्या जिल्ह्यातील सगळ्या रुग्णालयांत मिळून, कोणती गोष्ट खपवून घेतली जाते, कोणती गोष्ट विचारली जाते आणि विचारणाऱ्याला काय उत्तर मिळते, याची अंगवळणी पडलेली रीत म्हणजे ही संस्कृती. ती नियमपुस्तकापेक्षा वरच्या खुर्चीतील माणसाच्या वागण्यावरून अधिक ठरते, कारण वरिष्ठ ज्या आकड्याबद्दल कधीच विचारत नाही तो आकडा खालचा माणूस ठेवीनासा होतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी मोठ्याने वाचावयाची एक तपासणी-सूची प्रचारात आणली. रुग्ण तोच आहे ना, अवयव तोच आहे ना, ठरलेली शस्त्रक्रिया हीच ना, असे प्रश्न तिच्यात आहेत आणि त्यांनी अनेक जीव वाचवले आहेत. तथापि शस्त्रक्रिया ठरली आहे हे गृहीत धरूनच ती सूची सुरू होते. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये जे उघडकीस आले ते या सूचीच्या पहिल्या ओळीच्याही आधीचे होते. तेथे चुकीच्या रुग्णाला भूल दिली गेली नव्हती किंवा पोटात कापडाची घडी राहिली नव्हती; ज्या अवयवाचे नाव कागदावर लिहिले होते तोच अवयव काढण्यात आला होता. प्रश्न होता तो काढण्याची गरज होती काय हा, आणि गरज कोणी ठरवली हा.

या प्रश्नाची मुळे ऊसतोडीच्या अर्थव्यवहारात आहेत. बालाघाटाच्या डोंगररांगांतील हलकी जमीन, बेभरवशाचा पाऊस आणि स्थानिक रोजगाराची वानवा यांमुळे धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, गेवराई अशा तालुक्यांतील कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) या जिल्ह्यांतील तसेच कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या फडांवर पाच-सहा महिने राहतात. साखर कारखाना मुकादमाशी करार करतो, मुकादम मजुरांना हंगामापूर्वी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो आणि ती रक्कम तोडलेल्या उसाच्या टनांतून फिटत जाते. या हिशेबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. त्यामुळे बाई आजारी पडली तर अर्ध्या माणसाचे काम बुडाले असे कोणी म्हणत नाही. कोयता बंद पडला असे म्हणतात, आणि बंद पडलेल्या दिवसाचा ‘खाडा’, म्हणजे दंड, मजुरीतून कापला जातो किंवा उचलीवर चढवला जातो.

फडावरील बाईचा दिवस पहाटे अंधारात सुरू होतो. ऊस तोडणे, त्याची मोळी बांधणे, ती डोक्यावर घेऊन गाडीत चढवणे, खोपीवर परतून स्वयंपाक, पाणी आणि लेकरे पाहणे असा तो असतो. शौचालय नाही, न्हाणीघर नाही, पाळीचे कापड धुण्यास पुरेसे पाणी नाही आणि ते उन्हात वाळवण्यास आडोसा नाही, अशा स्थितीत मूत्रमार्गाचे आणि जननमार्गाचे संसर्ग होणे हे जवळजवळ ठरलेलेच आहे. लग्न कमी वयात, दोन-तीन मुले विशीच्या आत-बाहेर, त्यापाठोपाठ कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया, असा बहुतेकींचा क्रम असतो. म्हणजे तिशीच्या आधीच मूल होण्याचा विषय संपलेला असतो, आणि उरलेला असतो तो दर महिन्याचा रक्तस्राव, ओटीपोटातील दुखणे आणि ‘अंगावरून जाणे’ या नावाने ओळखला जाणारा पांढरा स्राव.

ही तक्रार घेऊन बाई दवाखान्यात जाते त्या क्षणापासून शस्त्रक्रियेपर्यंतचा प्रवास फार छोटा आहे. संसर्ग असेल तर प्रतिजैविके आणि जोडीदाराचाही उपचार, अनियमित रक्तस्राव असेल तर संप्रेरकांच्या गोळ्या किंवा गर्भाशयात बसवण्याचे औषधी साधन, शंका असेल तर गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी, हा वैद्यकशास्त्राने सांगितलेला क्रम होय. गर्भाशय काढणे, ज्याला या भागातील बायका ‘पिशवी काढणे’ म्हणतात, हा त्या क्रमातील शेवटचा उपाय आहे. कर्करोग, मोठ्या गाठी, अंग फार बाहेर येणे आणि दुसऱ्या कशानेही आटोक्यात न येणारा रक्तस्राव अशा कारणांसाठी तो योग्यही आहे, आणि अनेकींना त्याने जीवदान दिले आहे. परंतु क्रमाने जाण्यासाठी पुनःपुन्हा दवाखान्यात यावे लागते, आणि ज्या बाईला पंधरा दिवसांनी फडावर जायचे आहे तिला ते शक्य नसते. डॉक्टरलाही एक शस्त्रक्रिया चार भेटींपेक्षा अधिक फायद्याची असते. सोनोग्राफी करून पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल, असे सांगितले की निर्णय झाल्यातच जमा होतो, कारण त्या भीतीची खातरजमा करण्यासाठी तिच्याजवळ दुसरा डॉक्टरही नसतो आणि वेळही नसतो. खर्चासाठी पुन्हा मुकादमाकडूनच उचल घेतली जाते. अशा तऱ्हेने जो आजार फडाने दिला, त्याच्या उपायाचे कर्ज फेडण्यासाठी ती बाई पुन्हा त्याच फडावर जाते.

शस्त्रक्रियेनंतर काय होते याबद्दल तिला फारसे सांगितले जात नाही. गर्भाशयाबरोबर बीजांडकोशही काढले तर त्यांतून येणारी संप्रेरके एकदम थांबतात आणि पन्नाशीच्या सुमारास येणारी रजोनिवृत्ती तिशीत येते. अंगातून वाफा जाणे, झोप उडणे, हाडे ठिसूळ होणे आणि पुढे हृदयविकाराचा धोका वाढणे हे तिचे परिणाम आहेत. पाठ, कंबर आणि गुडघे यांच्या बळावर जिचे पोट चालते तिच्या बाबतीत हाडांची झीज ही उपजीविकेचीच झीज ठरते.

बीड जिल्ह्यातील वैद्यकीय व्यवहाराला हादरा बसण्याची २०१९ ही पहिली वेळ नव्हती. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या जिल्ह्यात ८०७ एवढी खाली आली होती, आणि दहा वर्षांपूर्वी ती ८९४ होती. महाराष्ट्रातील तो नीचांक होता, आणि तोही अशा राज्यात, ज्याने गर्भलिंग-निदानाविरुद्ध देशात सर्वप्रथम १९८८ मध्ये कायदा केला. साताऱ्याच्या वर्षा देशपांडे यांच्या लेक लाडकी अभियानाने २०१० मध्येच परळी वैजनाथ येथील डॉ. सुदाम मुंडे यांच्या रुग्णालयातील गर्भलिंग-निदानाचे प्रकार गुप्त चित्रणाने उघड केले होते. तरीही रुग्णालय चालू राहिले आणि मे २०१२ मध्ये तेथे बेकायदा गर्भपाताच्या वेळी एका विवाहितेचा मृत्यू झाला. मुंडे आणि त्यांच्या पत्नी यांना न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा सुनावली ती फेब्रुवारी २०१९ मध्ये. येथे लक्षात घेण्याजोगी बाब म्हणजे गुन्ह्याची माहिती दोन वर्षे उपलब्ध होती. ती पाहून रुग्णालयाला टाळे ठोकण्याचे उत्तरदायित्व ज्यांच्याकडे होते त्यांच्यापैकी कोणीही ते वेळेत पार पाडले नाही, आणि एक जीव गेल्यावरच यंत्रणा हलली.

महाराष्ट्राला हा धडा नवा नव्हता. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ च्या आरंभी भेसळयुक्त ग्लिसरॉल दिल्यामुळे चौदा रुग्ण दगावले, तेव्हा न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने भेसळ करणाऱ्यापाशी न थांबता रुग्णालयाचे प्रमुख, औषध प्रशासन आणि मंत्री यांच्या पातळीवरील हलगर्जीपणाचा माग काढला आणि आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावे लागले. रुग्णाला झालेल्या इजेची जबाबदारी खाटेपाशी संपत नाही, ती वर चढत जाते, हे तत्त्व राज्याच्या दप्तरी तेव्हाच नोंदले गेले होते. जिल्ह्याच्या पातळीवर ते अंगवळणी पडले नाही.

या पार्श्वभूमीवर एप्रिल २०१९ मध्ये ‘द हिंदू बिझनेसलाइन’ या दैनिकात राधेश्याम जाधव यांचे वृत्त प्रसिद्ध झाले. वंजारवाडीसारख्या गावांत गर्भाशय असलेली बाई शोधावी लागते, असे चित्र त्यात होते. मनीषा तोकले यांच्यासारख्या जिल्ह्यातील कार्यकर्त्या आणि ‘तथापि’सारख्या आरोग्यक्षेत्रातील संस्था हे आधीपासून सांगत होत्या, हे येथे आवर्जून नोंदवले पाहिजे, कारण या इतिहासातील पहिले नेतृत्व कोणत्याही पदावर नव्हते. गावोगाव बायकांशी बोलून, वय आणि कारण विचारून त्यांनी जी माहिती गोळा केली, तिच्यामुळेच पुढे विधिमंडळात प्रश्न विचारता आला. राष्ट्रीय महिला आयोगाने राज्याच्या मुख्य सचिवांना नोटीस पाठवली, आणि जिल्हाधिकारी आस्तिक कुमार पाण्डेय यांच्या प्रशासनाने खासगी रुग्णालयांकडून माहिती मागवण्यास सुरुवात केली.

जून २०१९ मध्ये विधान परिषदेत डॉ. नीलम गोऱ्हे यांनी हा विषय मांडला. आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी उत्तरात सांगितले की तीन वर्षांत जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांमध्ये अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या होत्या. गोऱ्हे स्वतः आयुर्वेदाच्या पदवीधर वैद्य, स्त्री आधार केंद्राच्या संस्थापक आणि त्याच महिन्यात परिषदेच्या उपसभापती झालेल्या. त्यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली आणि आरोग्य खात्याच्या कर्मचाऱ्यांनी ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचे सर्वेक्षण केले. ८२,३०९ जणींशी बोलून झाल्यावर आढळले की त्यांतील १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. हे प्रमाण सुमारे १७ टक्के येते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील भारतीय स्त्रियांमध्ये ते ३.२ टक्के होते. दोन्ही सर्वेक्षणांतील वयोगट अगदी सारखे नसल्याने आकड्यांची काटेकोर तुलना करू नये, परंतु एवढी मोठी तफावत वयाच्या फरकाने भरून निघणारी नाही.

१३,८६१ या आकड्याचे महत्त्व त्याच्या आकारापेक्षाही तो पहिल्यांदाच मोजला गेला यात आहे. त्याआधी प्रत्येक रुग्णालयाला आपापल्या शस्त्रक्रिया ठाऊक होत्या, प्रत्येक गावाला आपापल्या बायका ठाऊक होत्या, आणि जिल्ह्याला काहीच ठाऊक नव्हते. मुंबई शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम १९४९ पासून अस्तित्वात आहे. परंतु नोंदणी म्हणजे खाटा, परिचारिका आणि शुल्क एवढाच तिचा अर्थ वर्षानुवर्षे लावला गेला. आतमध्ये कोणाचे काय आणि का कापले जाते, हे विचारण्याची रीत पडली नाही.

ती रीत २०१९ मध्ये पडली. खासगी रुग्णालयाला गर्भाशय काढावयाचे असल्यास जिल्हा शल्यचिकित्सकाची, म्हणजे जिल्हा रुग्णालयाच्या प्रमुखाची, पूर्वपरवानगी घ्यावी असा आदेश जिल्ह्यात लागू झाला. दिसायला ही साधी कागदोपत्री अट आहे. प्रत्यक्षात तिने डॉक्टरला तीन गोष्टी करायला लावल्या: रुग्णाचे वय आणि तक्रार लिहिणे, आधी कोणते उपचार केले ते लिहिणे, आणि आपला निर्णय दुसऱ्या डॉक्टरच्या नजरेस आणणे. ज्या निर्णयाचे कारण लिहून द्यावे लागते तो निर्णय घेताना माणूस एकदा थांबतो, आणि रुग्णसुरक्षेच्या दृष्टीने हे थांबणेच मोलाचे आहे.

हा उपाय बीडमध्ये जन्मला नाही, आणि त्याचा जगातील इतिहास उद्बोधक आहे. अमेरिकेत जेम्स डॉयल यांनी ३५ रुग्णालयांतील ६,२४८ गर्भाशय-शस्त्रक्रियांची कागदपत्रे तपासून १९५३ मध्ये अनावश्यक शस्त्रक्रियांचा प्रश्न उघडपणे मांडला, आणि १९५६ मध्ये पॉल लेम्बके यांनी स्त्रियांच्या ओटीपोटाच्या शस्त्रक्रियांचेच उदाहरण घेऊन वैद्यकीय परीक्षणाची, म्हणजे झालेल्या उपचारांची ठरलेल्या निकषांवर मागाहून तपासणी करण्याची, शास्त्रीय पद्धत घडवली. आधुनिक वैद्यकीय ऑडिटच्या पायाशी स्त्रीचे गर्भाशय आहे, ही बाब फारशी सांगितली जात नाही. कॅनडातील सस्कॅचवान प्रांतात १९६४ ते १९७१ या काळात या शस्त्रक्रिया ७२ टक्क्यांनी वाढल्या. तेव्हा तेथील डॉक्टरांच्या नियामक संस्थेने स्वतःहून समिती नेमली, योग्य कारणांची यादी केली आणि रुग्णालयांत जाऊन कागद तपासले. प्रथम तपासलेल्या पाच रुग्णालयांत असमर्थनीय शस्त्रक्रियांचे प्रमाण सुमारे २४ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आले आणि १९७० ते १९७४ या काळात संपूर्ण प्रांतातील संख्या जवळजवळ एक-तृतीयांशाने घटली. कोणालाही तुरुंगात टाकावे लागले नाही. आपले काम कोणी पाहत आहे, आणि पाहणारे आपल्याच व्यवसायातील जाणते आहेत, एवढे पुरेसे ठरले.

सस्कॅचवान आणि बीड यांतील भेद मात्र दुर्लक्षिण्याजोगा नाही. तेथे व्यवसायाने स्वतःला तपासले. येथे पत्रकार, कार्यकर्त्या, आमदार आणि जिल्हाधिकारी यांनी बाहेरून तपासणी लादली. बाहेरून लादलेली शिस्त अधिकारी बदलून गेला की सैल पडते, आणि जिल्ह्यात अधिकारी बदलत राहतात. जिल्ह्यातील स्त्रीरोगतज्ज्ञांनी परवानगीची अट अपमान मानण्याऐवजी आपल्या संघटनेमार्फत स्वतःचे परीक्षण मंडळ उभारले असते, तर हा इतिहास वेगळ्या वळणावर गेला असता. जिल्ह्यात प्रामाणिकपणे काम करणारे डॉक्टर अनेक आहेत आणि परवानगीला लागणाऱ्या विलंबाने खरोखरीच्या गरजू बाईचे हाल होतात हा त्यांचा आक्षेपही खरा आहे. त्या आक्षेपाचे उत्तर अट काढण्यात नाही. परवानगीचा निर्णय काही तासांत देण्याची व्यवस्था करण्यात आहे. शिवाय शेजारच्या जिल्ह्यात अट नसेल तर बाईला तेथे नेता येते, ही फटही उघडी राहते.

याहून मोठी उणीव अशी की परवानगीचा कागद दवाखान्याच्या दारात उभा राहतो, फडापर्यंत पोहोचत नाही. गोऱ्हे समितीने सप्टेंबर २०१९ मध्ये अहवाल दिला तेव्हा हंगामापूर्वी आणि हंगामानंतर बायकांची आरोग्य-तपासणी व्हावी यावर भर दिला होता. डिसेंबर २०१९ मध्ये मंत्री नितीन राऊत यांनी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना पत्र लिहून पाळीच्या दिवसांची मजुरी बायकांना मिळावी अशी मागणी केली. तिचा रोख योग्य जागी होता, कारण खाड्याची भीती आहे तोवर पाळी हे संकटच वाटत राहणार. रुग्णसुरक्षेची जबाबदारी डॉक्टरच्या खुर्चीतून साखर कारखान्याच्या अध्यक्षांच्या खुर्चीपर्यंत जाते, असे मानल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर पूर्ण होत नाही. फडाजवळ पाणी, आडोसा आणि शौचालय देणे हा आरोग्य खात्याच्या अंदाजपत्रकातील विषय नाही, आणि म्हणूनच तो कोणाचाच राहिला नाही.

राष्ट्रीय पातळीवर प्रश्न पोहोचला तो राजस्थानातून आलेल्या याचिकेमुळे. चित्तोडगडच्या ‘प्रयास’ संस्थेचे डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी राजस्थान, बिहार आणि छत्तीसगड येथील अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रियांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात २०१३ मध्ये दाद मागितली होती. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. राष्ट्र, राज्य आणि जिल्हा अशा तीन पातळ्यांवर देखरेख समित्या असाव्यात, आणि चाळिशीच्या आतील स्त्रियांवरील प्रत्येक शस्त्रक्रियेची सकारण नोंद व्हावी, हा त्यांचा गाभा आहे. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने सर्व राज्यांना ही तत्त्वे तीन महिन्यांत स्वीकारण्याचे निर्देश दिले. त्याआधी २०२१ मध्ये महाराष्ट्राने शुश्रूषागृहांच्या नियमांत सुधारणा करून रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले होते. उपचाराची माहिती मिळणे आणि दुसऱ्या डॉक्टरचे मत घेता येणे हे रुग्णहक्कांचे मूळ आहे.

तेव्हा या इतिहासाच्या वाचकांपैकी जे बीड जिल्ह्यात राहतात, किंवा ज्यांच्या गावाशेजारच्या फडावर दिवाळीनंतर बीडच्या खोपी उभ्या राहतात, त्यांनी दोन गोष्टी कराव्यात. जिल्हा देखरेख समितीकडे दरवर्षी रुग्णालयनिहाय संख्या, वय आणि कारण यांची यादी मागावी आणि ती ग्रामसभेत वाचून दाखवावी. आणि पिशवी काढावी लागेल असे ऐकून घरी आलेल्या बाईला, फडावर निघण्याआधी, जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरकडे घेऊन जावे.